निकेलची सुटलेली जोडी: एका 'अशुद्ध' नमुन्याचं प्रकरण

मागच्या मे महिन्यात आमच्या प्रयोगशाळेतल्या डेसिकेटरमध्ये, म्हणजे नमुने कोरडे ठेवायच्या भांड्यात, तीन बाटल्या रांगेत उभ्या होत्या. तिन्हींवर मार्करनं एकच शब्द लिहिलेला, 'अशुद्ध', आणि पुढे आकडे १, २, ३. चौथी बाटली जरा बाजूला होती आणि तिच्यावर 'शुद्ध' लिहून खाली दोनदा रेघ मारली होती. ही सगळी मांडणी एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रातल्या एका विद्यार्थिनीची. ती माझ्याकडे आली तेव्हा चौथ्यांदा तेच संयुग बनवायच्या तयारीत होती. मी तिची गाईड नव्हे. चुंबकरसायनाचा पेपर शिकवते आणि विभागातल्या जुन्या गुई तराजूची (पदार्थाचं चुंबकत्व मोजणाऱ्या) किल्ली माझ्याकडे असते, एवढाच माझा संबंध.

संयुगं दोन होती आणि दोन्हींची कृती जवळपास एकच. सॅलिसिलाल्डिहाइडचं निकेल संयुग घ्यायचं, त्यात अमाइन घालून उकळायचं. अमाइनचा नायट्रोजन अल्डिहाइडच्या ऑक्सिजनची जागा घेतो, शिफ बेस तयार होतो आणि निकेलला तसाच धरून राहतो. एका संयुगात तिनं सरळ साखळीचं एन-प्रोपिल अमाइन वापरलं आणि दुसऱ्यात फांदी असलेलं आयसोप्रोपिल. कार्बन तितकेच, हायड्रोजन तितकेच, रेणुभारही तोच, ३८३. फरक फक्त फांदीचा. एन-प्रोपिलचा एनएमआर आलेख (चुंबकीय क्षेत्रात रेणूतले हायड्रोजन रेघांनी दाखवणारा) पाठ्यपुस्तकात छापावा असा आला. आयसोप्रोपिलचा मात्र मांजरांची झुंज झाल्यासारखा.

नमुने दुसऱ्या शहरातल्या एका केंद्राकडे कुरिअरनं जात. तिथून आलेला शेरा दोन ओळींचा होता: नमुना अशुद्ध आहे, शुद्ध करून पुन्हा पाठवावा.

सरांना, म्हणजे तिच्या गाईडना, हे पटलं आणि पटावं असंच होतं. आयसोप्रोपिल अमाइनचा उत्कलनबिंदू ३२ अंश सेल्सियस. नागपुरात मेमध्ये दुपारी ४४–४५ अंश असताना त्या बाटलीचं झाकण उघडलं की आतलं द्रव आपोआप उकळायला लागतं. माशासारखा वास सगळ्या मजल्यावर पसरतो. सरांचा तर्क असा की निम्मं अमाइन हवेत जात असणार आणि मागे मूळ सॅलिसिलाल्डिहाइडचं निकेल संयुग तसंच उरत असणार. ते दोन पाणी धरून बसतं, अष्टफलकीय (निकेलला सहा बाजूंनी धरलेलं) असतं आणि अनुचुंबकी, म्हणजे चुंबकाकडे ओढलं जाणारं, असतं. ते थोडं जरी मिसळलं तरी आलेख बिघडणार. म्हणून पोरगी बर्डीवरून बर्फ आणायची, अमाइन बर्फात ठेवून मोजायची, कंडेन्सरमध्ये गार पाणी फिरवायची. तीनदा केलं, तीनदा तोच गोंधळ.

मी तिला पहिला प्रश्न विचारला तो द्रवणांकाचा. तिन्ही बाटल्यांचा सारखा होता, अगदी अंशाच्या आत. दुसरा प्रश्न मूलद्रव्य विश्लेषणाचा. नायट्रोजन ७.३ टक्के असायला हवा होता आणि जवळजवळ तेवढाच आला होता. अमाइन उडून मूळ संयुग मागे राहिलं असतं तर नायट्रोजन घसरला असता, कारण त्यात नायट्रोजन नाहीच. शिवाय तीन वेळा, तीन वेगळ्या दिवशी, तीन वेगळ्या तापमानांना अमाइन उडून उरलेली अशुद्धी दर वेळी हुबेहूब तेवढीच कशी निघेल? आमच्याकडे स्वयंपाकघरात मीठ चुकलं तरी दोनदा सारखं चुकत नाही.

आलेखात काय होतं

आलेख मी मोठा करून पाहिला. शेरा मारणाऱ्याला दोष देत नाही. त्यानं नेहमीची खिडकी ठेवली होती, उणे २ ते १४ पीपीएम (आलेखावर रेघेची जागा मोजायचं एकक), आणि त्या खिडकीतून जे दिसत होतं ते खरंच कुरूप होतं. दोन-तीन रुंद ढिगारे, क्षेत्रफळांचा हिशेब कुठेच लागत नाही, वलयातले हायड्रोजन गायब. पण टीएमएसची (जागा मोजायला मुद्दाम घातलेल्या संदर्भपदार्थाची) आणि द्रावकाची रेघ बारीक होती. म्हणजे यंत्राचं शिमिंग, चुंबकीय क्षेत्र सगळीकडे एकसारखं करणं, ठीक होतं. बिघाड संयुगाच्याच रेघांत होता.

इथे थोडं मागे जायला हवं. रसायनशास्त्रात इलेक्ट्रॉनची जोडी ही कल्पना १९१६ मध्ये गिल्बर्ट लुईसनं मांडली. बंध म्हणजे दोन अणूंनी वाटून घेतलेली जोडी. जोडीच का, तीन का नाही, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. ते १९२५ मध्ये पाउलीच्या नियमातून आणि त्याच वर्षी उलेनबेक आणि गाउडस्मिट यांनी मांडलेल्या स्पिनमधून, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जणू स्वतःभोवतीच्या फिरकीतून, आलं. एका कक्षकात (अणूतल्या इलेक्ट्रॉनच्या एका जागेत) दोनच इलेक्ट्रॉन मावतात, तेही एकाचा स्पिन वर आणि दुसऱ्याचा खाली असेल तर. जोडी जुळली की दोघांचं चुंबकत्व एकमेकांना खाऊन टाकतं. मुलांना मी सांगते की बहुतेक सेंद्रिय रेणू अशी सुखी कुटुंबं असतात. बाहेरून काही ऐकू येत नाही.

ज्या रेणूत जोडी सुटलेली असते त्याचं तसं नसतं. इलेक्ट्रॉनचं चुंबकीय आघूर्ण, म्हणजे त्याच्या चुंबकत्वाचा जोर, प्रोटॉनच्या (हायड्रोजनच्या केंद्रकाच्या) सुमारे ६५८ पट. एनएमआरमध्ये आपण प्रोटॉनची कुजबुज ऐकत असतो. शेजारी एकटा इलेक्ट्रॉन असला तर ती कुजबुज बुडते किंवा भलतीकडून ऐकू येते. रेघ रुंद होते आणि जागा सोडून कुठल्या कुठे सरकते. सॅलिसिलच्या वलयात तर सुटलेल्या स्पिनचा अंश एकाआड एक कार्बनवर उलटसुलट खुणेनं पसरतो, म्हणून काही हायड्रोजन एका बाजूला जातात आणि त्यांचे शेजारी विरुद्ध बाजूला. १४ पीपीएमच्या खिडकीत ते सापडणार नव्हतेच. घरातली माणसं गच्चीवर गेली होती आणि आपण त्यांना दिवाणखान्यात शोधत होतो.

मी तिला म्हटलं, "हा नमुना घाण नाही. हा निकेल बोलतोय."

"पण मॅडम, एन-प्रोपिलमधला निकेल गप्प आहे. तोच निकेल, तेच आठ इलेक्ट्रॉन."

बरोबर. निकेल (दोन) कडे, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या निकेलकडे, आठ डी-इलेक्ट्रॉन असतात. निकेलला धरणारे चार हात एका पातळीत चौकोनात असले तर पाचांपैकी एक कक्षक खूप वर ढकलला जातो, आठही इलेक्ट्रॉन खालच्या चार कक्षकांत दोन-दोन बसतात आणि सगळ्यांच्या जोड्या लागतात. तेच चार हात चतुष्फलकाच्या (चार त्रिकोणी बाजूंच्या आकाराच्या) कोपऱ्यांकडे वळले तर खाली दोन कक्षक आणि वर सारख्या उंचीचे तीन. खालच्या दोनांत चार इलेक्ट्रॉन गेले की उरलेल्या चारांना वरच्या तीन जागा. एक जोडी आणि दोन एकटे. इलेक्ट्रॉन तेवढेच राहतात, घराचा नकाशा बदलतो. आणि नकाशा का बदलावा, तर फांदीमुळे. आयसोप्रोपिलचा फांदीचा कार्बन नायट्रोजनला चिकटून असतो. समतल रचनेत तो पलीकडच्या लिगंडच्या (निकेलला धरणाऱ्या रेणूच्या) ऑक्सिजनवर आपटतो. मग दोन्ही लिगंड एकमेकांपासून अंग चोरून वळतात. एन-प्रोपिलची साखळी सरळ, ती बाहेर निघून जाते आणि कोणाला धक्का लावत नाही.

विभागातल्या एका सहकाऱ्यानं या टप्प्यावर सुचवलं की एकटे इलेक्ट्रॉन आहेत तर ईपीआर (एकट्या इलेक्ट्रॉनांचा आलेख) काढा, थेट दिसतील. सूचना चांगल्या मनाची होती, पण अशा निकेलचा सिग्नल नेहमीच्या ईपीआर यंत्रावर खोलीच्या तापमानाला सहसा मिळत नाही. त्याचे दोन एकटे इलेक्ट्रॉन इतक्या वेगानं शिथिल होतात की रेघ पसरून नाहीशी होते. गंमत अशी की याच घाईमुळे त्याच्या एनएमआर रेघा त्यातल्या त्यात बारीक राहतात. तांब्याचं (दोन) नेमकं उलट. ईपीआर छान येतो आणि एनएमआर वाचण्यासारखा राहत नाही. म्हणून आम्ही तराजूकडे वळलो.

कूलर बंद

गुईची पद्धत १८८९ ची. नमुना लांब काचनळीत ठासून भरायचा, नळी तराजूला अशी टांगायची की खालचं टोक चुंबकाच्या दोन ध्रुवांच्या मधोमध येईल, आणि चुंबक चालू करण्याआधी आणि नंतर वजन घ्यायचं. सुटलेली जोडी असेल तर नळी खाली ओढली जाते आणि वजन वाढतं. सगळ्या जोड्या जुळलेल्या असतील तर ती जराशी वर ढकलली जाते आणि वजन कमी होतं. आपल्याकडे या विषयाची परंपरा जुनी आहे. शांतिस्वरूप भटनागर आणि माथुर यांनी १९२८ मध्ये स्वतःचा चुंबकीय तराजू बनवला होता आणि १९३५ मध्ये चुंबकरसायनावर ग्रंथ लिहिला. आमचा तराजू त्या मानानं साधा. पण त्याचीही एक अट आहे, आणि ती आमच्या प्रयोगशाळेतल्या भाऊंनी पहिल्याच दिवशी सांगितली: "मॅडम, कूलर बंद केल्याबिगर हा काटा काही आयकत नाही."

म्हणून कूलर बंद, पंखा बंद, दार बंद. बारा वाजताचं ऊन खिडकीच्या काचेवर. ती नळीत पूड भरायची, लाकडी पट्टीवर नळी हलकेच आपटून पूड बसवायची, पुन्हा भरायची. भरणी कुठे सैल राहिली तर आकडा खोटा येतो. रिकाम्या नळीची काच स्वतः प्रतिचुंबकी, म्हणजे चुंबकापासून जराशी ढकलली जाणारी, तिचं वजन वेगळं घेऊन वजा करायचं. एन-प्रोपिलची नळी लावून चुंबक चालू केला तेव्हा आकडा किंचित खाली आला. आयसोप्रोपिलची लावली आणि आकडा असा वर पळाला की ती खुर्चीवरून उठून उभी राहिली. तीनही 'अशुद्ध' बाटल्या, तिन्ही वेळा तीच वाढ.

संध्याकाळी तिनं हिशेब आणला: ३.३२ बोर मॅग्नेटॉन (आघूर्णाचं एकक). दोन एकट्या इलेक्ट्रॉनांचं फक्त स्पिनचं आघूर्ण २.८३ येतं, आणि चतुष्फलकीय निकेलमध्ये कक्षेचा वाटा मिळून ते साधारण ३.२ ते ४.० च्या दरम्यान जातं. तेव्हा आकडा चोख. पण वहीत तापमान लिहिलं होतं २९८ केल्विन.

"मेमधल्या नागपुरात, कूलर बंद असलेल्या खोलीत, २९८ केल्विन कुठून आणलेस?"

भिंतीवरच्या तापमापकावर त्या दुपारी ४० अंश होते, म्हणजे ३१३ केल्विन. सवयीनं २५ अंश लिहिले गेले. दुसरी चूक त्याच पानावर होती. तराजू प्रमाणित करायला आम्ही पारा-कोबाल्ट थायोसायनेट वापरतो. त्याची ग्रॅममागे चुंबकीय ग्रहणशीलता (चुंबकाला पदार्थ किती दाद देतो त्याचं माप) २० अंशांना १६.४४ आणि ४० अंशांना सुमारे १५.४ (दोन्ही दशलक्षांशात). तिनं २० अंशांचा आकडा घेतला होता. आता मजा बघा. पहिल्या चुकीनं उत्तर सुमारे अडीच टक्क्यांनी कमी होत होतं आणि दुसरीनं सुमारे सव्वातीन टक्क्यांनी वाढत होतं. दोन्ही दुरुस्त केल्यावर ३.३२ चे ३.३० झाले. तिला वाटलं, मग बिघडलं काय? मी तेव्हा रागावले खरी, पण समजावून सांगायला कमी पडले, हे पुढच्या आठवड्यात कळलं.

३.२९

घन पदार्थाचं झालं. पण एनएमआर द्रावणात काढतात आणि द्रावणात रेणू कुठल्या आकारात असतो हे तराजू सांगत नाही. त्यासाठी एव्हान्सची पद्धत आहे, डेनिस एव्हान्सनं १९५९ मध्ये मांडलेली. एनएमआर नळीत संयुगाचं द्रावण आणि टीएमएस, तिच्या आत एक केशनळी, तिच्यात नुसतं द्रावक आणि टीएमएस. बाहेरचं टीएमएस चुंबकी शेजारात बसलेलं, आतलं साध्या शेजारात. म्हणून टीएमएसच्या एकाऐवजी दोन रेघा दिसतात, आणि त्यांच्यातलं अंतर द्रावणाच्या ग्रहणशीलतेच्या प्रमाणात असतं.

तिनं ९.६ मिलीग्रॅम संयुग ड्युटेरेटेड (साध्या हायड्रोजनऐवजी जड हायड्रोजन असलेल्या) क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून १ मिलिलिटर द्रावण केलं, म्हणजे लिटरला ०.०२५ मोल. ४०० मेगाहर्ट्झच्या यंत्रावर, २५ अंशांना (इथे २५ खरे, प्रोबचं तापमान यंत्रच धरून ठेवतं), दोन रेघांत ९५ हर्ट्झचं अंतर आलं. जुन्या पुस्तकातलं सूत्र लावून तिनं उत्तर काढलं: ३.२९.

तराजू ३.३०, एनएमआर ३.२९. सर खूश, मी खूश. प्रकल्प अहवालाचं प्रकरण टाइप करायला गेलं. मी तर वर्गात दोन पद्धती कशा एकमेकींना दुजोरा देतात याचं उदाहरण म्हणून सांगूनही टाकलं.

खटकलं ते असं की त्याच आठवड्यात खिडकी रुंद करून काढलेला आलेख आला, २५, ४० आणि ५५ अंशांचा. सरकलेल्या रेघा तापवल्यावर आणखी लांब गेल्या होत्या. साध्या अनुचुंबकी पदार्थात याच्या उलट घडायला हवं. क्युरीच्या नियमानं तापमान वाढलं की चुंबकत्व घटतं, म्हणजे २५ वरून ५५ अंशांवर रेघा आपल्या मूळ जागेकडे नऊ टक्के परतायला हव्या होत्या. सगळे रेणू द्रावणातही चतुष्फलकीय असतील तर हे जमत नाही. तापवल्यावर चुंबकी रेणूंची संख्याच वाढत असेल तर जमतं. पण ३.२९ म्हणत होतं की सगळे रेणू आधीच चुंबकी आहेत. वाढायला जागा कुठे होती?

दोन दिवस मी रेघांच्या आलेखावर संशय घेतला. आकडा जुळला होता ना, त्यामुळे त्याच्याकडे बोट गेलंच नाही.

क्रोमियमची साक्ष

शेवटी तिला म्हटलं, उत्तर माहीत असलेलं काहीतरी त्याच नळीत टाक. क्रोमियम असिटिलअसिटोनेट एनएमआरवाल्यांकडे असतंच. केंद्राला विनंती केली आणि त्यांनी दोन दिवसांत मोजून दिलं. क्रोमियम (तीन) कडे तीन एकटे इलेक्ट्रॉन, आघूर्ण ३.८ च्या आसपास यायला हवं. तिच्या सूत्रानं आलं ५.४. चार इलेक्ट्रॉनांचं ४.९ आणि पाचांचं ५.९ असतं. तीन इलेक्ट्रॉनांनी ५.४ कुठून द्यावं?

५.४ ला ३.८ नं भागा. १.४ च्या वर, म्हणजे २ चं वर्गमूळ. मग सगळं उलगडलं.

एव्हान्सच्या काळची यंत्रं लोखंडी गाभ्याच्या चुंबकाची होती. त्यांत नळी उभी आणि चुंबकीय क्षेत्र आडवं, नळीला काटकोनात. आजच्या अतिवाहक चुंबकात नळीही उभी आणि क्षेत्रही उभं, नळीच्या लांबीला समांतर. लांब नळीतल्या द्रावणाचा आतल्या क्षेत्रावर होणारा परिणाम या मांडणीवर ठरतो आणि तेवढ्याच द्रावणाला नव्या मांडणीत रेघ दुप्पट सरकते. म्हणून जुन्या सूत्रात छेदात २π आणि नव्यात ४π. जुनं सूत्र नव्या यंत्राला लावलं की ग्रहणशीलता दुप्पट निघते आणि आघूर्ण १.४१ पट. (ग्रहणशीलतेचं ग्रीक अक्षर 'काय' असं वाचतात. दर वर्षी कोणीतरी विचारतंच, "मॅडम, काय म्हणजे काय?" या वर्षी तो विनोद माझ्यावर उलटला.)

दुरुस्त केल्यावर मोलमागे ग्रहणशीलता ०.००२२७ आली आणि आघूर्ण २.३२. यात आणखी दोन बारीक दुरुस्त्या असतात, द्रावकाच्या प्रतिचुंबकत्वाची आणि लिगंडच्या. क्लोरोफॉर्ममध्ये या संयुगासाठी त्या विरुद्ध खुणेच्या आणि जवळजवळ सारख्या निघतात, म्हणून त्यांच्यात वेळ घालवला नाही.

आता २.३२ हा आकडा कोणाचाच नाही. शून्य इलेक्ट्रॉनांचा नाही, दोनांचाही नाही, आणि निकेलच्या या संयुगात एक एकटा इलेक्ट्रॉन असूच शकत नाही. २.३२ ला ३.३० नं भागून वर्ग केला तर ०.४९ येतात. म्हणजे क्लोरोफॉर्ममध्ये २५ अंशांना निम्मे रेणू चतुष्फलकीय, निम्मे समतल. आणि ते स्वस्थ बसलेले नाहीत. एका आकारातून दुसऱ्यात इतक्या झपाट्यानं जातात की एनएमआरला दोन वेगळे संच दिसत नाहीत, सरासरीचा एकच दिसतो. तापवलं की चतुष्फलकाकडे कल वाढतो, म्हणून रेघा बाहेर पळतात. रिचर्ड होल्म आणि अनिमेष चक्रवर्ती यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत याच घराण्यातल्या संयुगांवर हे दाखवलं होतं. चक्रवर्ती पुढे भारतात परतून कानपूर आणि कोलकात्यात शिकवत राहिले. आमच्या ग्रंथालयात तो शोधनिबंध होता. सुरुवातीलाच वाचला असता तर तीन बाटल्या वाचल्या असत्या आणि माझी वर्गातली फजितीही.

वर्गात मी परत जाऊन ३.२९ पुसून २.३२ लिहिलं. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, पण मग तराजू चुकला का?" तराजू चुकला नव्हता. स्फटिकात सगळे चतुष्फलकीय, द्रावणात निम्मे. दोन पद्धती दोन वेगळे प्रश्न विचारत होत्या आणि दोघींचं उत्तर सारखं यायचं काही कारणच नव्हतं.

अहवालाचं ते प्रकरण तिनं पुन्हा लिहिलं. बाटल्यांवरचं 'अशुद्ध' स्पिरिटनं पुसून काढलं, तिन्ही एकत्र केल्या आणि नव्या चिठ्ठीवर लिहिलं: घन ३.३०, क्लोरोफॉर्म २५ अंश, २.३२. मग तिला स्वतःहून सुचलं की 'शुद्ध' बाटलीतल्या एन-प्रोपिलला पिरिडिनमध्ये टाकून बघावं. पिरिडिनचे दोन रेणू वरून आणि खालून निकेलला धरतात, रचना अष्टफलकीय होते आणि जुळलेली जोडी सुटते. इतके दिवस आदर्श म्हणून मिरवलेल्या त्या संयुगाचा नमुना ड्युटेरेटेड पिरिडिनमध्ये बनवून तिनं कुरिअरनं पाठवला.

आठवड्यानं आलेख आला, रुंद ढिगाऱ्यांचा. खाली दोन ओळींचा शेरा: नमुना अशुद्ध आहे, शुद्ध करून पुन्हा पाठवावा. तिनं तो कागद कापून बाटलीवर चिकटवला.